एका मुलामागे एक मार्गदर्शक: शाळेत जोड्या जुळवताना

मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, पालकांची सही आणि मुलाचा मार्गदर्शक होणाऱ्या स्वयंसेवकाची पोलीस पडताळणी आधी. ओळखीचा माणूस म्हणून सूट नको. भेट आठवड्यातून एकदा, पाऊण तास, शाळेच्या व्हरांड्यात, शिक्षकांच्या नजरेसमोर. बंद खोलीत किंवा घरी कधीच नाही.

जोड्या मोडतात त्या बहुतेक मोठ्यांच्या गैरहजेरीने. मूल वाट बघत बसतं आणि पुढच्या वेळी मोकळं बोलत नाही. म्हणून रत्नागिरी-सिंधुदुर्गात जूनच्या पावसात सुरुवात करू नका, गणपतीची सुट्टी संपू द्या. शिमग्याचे दिवसही आधीच वगळा. स्वयंसेवक एसटीच्या एकाच फेरीवर अवलंबून असेल तर त्याला चालत जाण्याजोगी शाळा द्या.

‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मुलाला देऊ नये. लैंगिक अत्याचार कळला, तर २०१२ च्या पॉक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या) कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.