मधुमेही मांजराला घरी इन्सुलिन देताना

डोस पशुवैद्यकांनीच ठरवावा आणि त्यांनीच बदलावा. बहुतेक मांजरांना तो दर 12 तासांनी द्यावा लागतो. सर्वांत जास्त जपावे ते सिरिंजला. बाटलीवर प्रति मिलिलिटर 40 युनिट लिहिले असेल तर लाल टोपणाची 40 चीच सिरिंज घ्यावी आणि ती त्याच इन्सुलिनसाठी वापरावी, कारण 100 युनिटचे इन्सुलिन तिच्यात भरले गेल्यास अडीचपट डोस जातो आणि तो जिवावर बेततो.

बाटली 2 ते 8 अंश तापमानात ठेवावी, गोठू देऊ नये. खानापूरकडे पावसाळ्यात वीज गेली की फ्रिज वारंवार उघडू नये.

मांजराने खाल्ल्यावर कातडी चिमटीत उचलून सुई त्वचेखाली घालावी. केस ओले लागले, म्हणजे औषध बाहेर सांडले, तरी पुन्हा टोचू नये. घरात दोघे जण इंजेक्शन देत असतील तर दिनदर्शिकेवर लगेच खूण करावी. मांजराने खाल्ले नसेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

ते लडखडू लागले, गळून पडले किंवा त्याला झटके आले तर हिरड्यांना मध किंवा साखरेचे पाणी चोळावे (बेशुद्ध मांजराच्या तोंडात काहीही ओतू नये) आणि बेळगाव कितीही लांब वाटले तरी तत्काळ दवाखाना गाठावा.