हिरड्याची शाई आणि जाळीत अडकणाऱ्या गुठळ्या

कापडी पिशव्यांवर स्क्रीन प्रिंटिंगने, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई दाबून, छापायला हिरड्याची काळी शाई करत होतो. हिरडा आणि हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा क्षार) ठाण्यातल्या जांभळी नाक्यावरच्या काष्ठौषधींच्या दुकानातून आणले होते. रंग झकास, पण सोडियम अल्जिनेटने घट्ट केलेल्या काढ्यात हिराकशीचं पाणी पडलं की साबुदाण्यासारख्या गुठळ्या, आणि जाळी ठप्प.

दोष हिरड्याचा नव्हता. अल्जिनेट समुद्री शेवाळापासून निघतं आणि कॅल्शियम, लोह असे धातू मिळाले की त्याची जेली होते. रिॲक्टिव्ह रंगांना (सुती कापडाचे रासायनिक रंग) ते उत्तम, लोहाच्या शाईला नाही. मग गवार गम घेतला. (राजस्थानातले छिपे, म्हणजे ठशांनी कापड छापणारे कारागीर, लोखंड-गुळाच्या काळ्याला चिंचोक्याची पूड वापरतात, तीही चालावी.)

आता ५० ग्रॅम हिरडापूड अर्धा लिटर पाण्यात उकळून पाणी निम्मं करतो, मलमलीतून दोनदा गाळतो. त्यात ५ ग्रॅम गवार गम चिमटीने भुरभुरत मिक्सरमध्ये फिरवायचा आणि रात्रभर ठेवायचा. ५ ग्रॅम हिराकस थोड्या कोमट पाण्यात विरघळवून सकाळी घालायची. त्याहून जास्त नको, जादा लोहाने सुती कापड कालांतराने विरतं. छापताना शाई करडी दिसते, हवा लागली की काळी होते.

जाळी ४३ नंबरची (सेंटीमीटरला ४३ धागे), तिच्यावर नक्षीसाठी लावायचं इमल्शन पाण्याला टिकणारंच हवं. ठाण्याच्या पावसाळ्यात शाईला लगेच बुरशी येते, म्हणून लवंगतेलाचे दोन थेंब आणि बरणी फ्रिजमध्ये, ठळक चिठ्ठी लावून. घरच्यांना ती चिंचेची चटणी वाटते.