संगीतवर्गाला फाउंडेशनचा निधी: या चुका टाळा

एका वस्तीतल्या संगीतवर्गाचं काम पाहायला गेले होते. कपाट उघडलं तर आत बारा व्हायोलिनं. केसवर देणगीदार फाउंडेशनचं स्टिकर अजून नवंकोरं. एकाची घोडी, म्हणजे तारा उचलून धरणारी लाकडी पट्टी, आडवी पडलेली, चारपाचांच्या तारा गेलेल्या आणि वाजवायचे गज सैल न करताच ठेवल्यामुळे त्यांच्या काड्यांचा बाक गेलेला. पण खरी गोम वेगळीच होती. सगळी व्हायोलिनं पूर्ण मापाची आणि वर्गातली मुलं आठ-नऊ वर्षांची! त्या वयाच्या मुलाला साधारण अर्ध्या मापाचं व्हायोलिन लागतं. मोठं दिलं की डावा हात ताणला जातो, बोटं सुरावर पोचत नाहीत, खांदा दुखतो आणि महिन्याभरात मूल यायचं थांबतं. प्रस्ताव लिहिताना कुणी शिक्षकाला विचारलं नव्हतं, कारण तेव्हा शिक्षक नेमलेलाच नव्हता.

आधी वाद्यं, मग शिक्षक: माझ्या पाहण्यात ही चूक सर्वांत जास्त वेळा होते. वाद्य दिसतं, मोजता येतं, त्याचा फोटो निघतो. शिक्षकाचा तास फोटोत येत नाही, म्हणून अंदाजपत्रकात 'मानधन' हा रकाना सगळ्यांत शेवटी भरला जातो आणि कात्री लागली की पहिली त्यालाच लागते. अमेरिकेतलं सेव्ह द म्युझिक फाउंडेशन १९९७ पासून सरकारी शाळांना वाद्यं देत आलंय, पण शिक्षकाची जबाबदारी शाळेच्या यंत्रणेनं उचलावी, हा आग्रह धरून. मला ही अट फार मोलाची वाटते. तुमच्याकडे शिक्षक नसेल तर पहिल्या हप्त्यात एकही वाद्य मागू नका. शिक्षक नेमा, दोन महिने गळ्यावर आणि टाळीवर काम करू द्या, मुलांच्या हातांची मापं घेऊ द्या आणि मग त्यालाच यादी करायला सांगा.

यादीत दुरुस्तीचा खर्च धरायला विसरू नका. तारा तुटतात, तबल्याची पुडी फाटते, पेटीचा सूर दबतो. या किरकोळ कामाला पैसा नसला की चांगलं वाद्य वर्षभर कोपऱ्यात पडून राहतं.

आता कपाटाच्या किल्लीबद्दल. बऱ्याच वर्गांत वाद्य घरी नेऊ देत नाहीत. फुटलं तर देणगीदाराला काय सांगायचं, ही भीती. मग मूल आठवड्यातून दोनदा तासभर वाजवतं, मधले पाच दिवस हात कोरडा, आणि पुढच्या तासाला शिक्षक पुन्हा तिथूनच सुरुवात करतो. 'मुलं पुढे सरकत नाहीत' ही तक्रार आली की मी सर्वांत आधी किल्ली कुणाकडे असते ते विचारते. उपाय साधा आहे. करार करतानाच फाउंडेशनशी मोकळेपणानं बोला, काही वाद्यं मोडणार हे लेखी धरून चाला आणि पालकांच्या सहीची चिठ्ठी घेऊन वाद्य घरी द्या. मूल वाढलं की लहान माप परत, मोठं माप हातात.

दुसरी मोठी चूक मुदतीची, आणि इथे मी देणाऱ्यांशी बोलते आहे. एका वर्षाच्या निधीवर संगीत शिकवून होत नाही. लॉस एंजेलिसमधल्या हार्मनी प्रोजेक्ट या मोफत संगीतवर्गातल्या मुलांचा नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी अभ्यास केला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. बोलण्यातले जवळजवळचे ध्वनी मेंदू किती स्पष्ट वेगळे ओळखतो, हे त्यांनी मोजलं. एका वर्षानंतर फरक दिसला नाही; दोन वर्षं शिकलेल्या मुलांत दिसला. म्हणजे ज्या टप्प्यावर बहुतेक अनुदानं संपतात, तिथे काम नुकतं अंगी लागायला सुरुवात झालेली असते. किमान तीन वर्षांची हमी द्या. रक्कम कमी असली तरी चालेल, मुलं कमी घ्या. घेणाऱ्यांनीही 'एका वर्षात शंभर मुलं तयार करू' असं लिहून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ नये.

आणि मुलं कोणती? 'सर्वांसाठी खुलं' एवढं लिहून पुरत नाही. होझे अँतोनियो अब्रेऊ यांनी १९७५ मध्ये व्हेनेझुएलात सुरू केलेली एल सिस्तेमा ही चळवळ गरीब मुलांसाठी म्हणून जगभर ओळखली जाते. तिथल्या १६ केंद्रांवरच्या २,९१४ मुलांचा एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये छापून आला. त्यात आढळलं की अर्ज केलेल्या मुलांपैकी १६.७ टक्केच गरीब घरांतली होती. त्या भागांत मात्र त्याच वयोगटातल्या मुलांमधलं गरिबीचं प्रमाण ४६.५ टक्के होतं. दार उघडं होतं, पण दारापर्यंत पोचायला ज्यांच्या घरी सवड होती तीच मुलं आधी आली. ज्या मुलीला संध्याकाळी धाकट्या भावाला सांभाळावं लागतं तिच्यासाठी वर्गाची वेळ बदला, नाहीतर भावालाही वर्गात बसू द्या. प्रवासखर्च निधीतच मागा. लाजू नका.

अहवालात डोकी मोजण्याची सवयही सोडा. जूनमध्ये नाव घातलेल्यांपैकी मार्चमध्ये किती उरले आणि गळालेले का गळाले, हे दोन परिच्छेद फोटोंच्या अल्बमपेक्षा जास्त सांगतात. कार्यक्रम जरूर करा, पण देणगीदारांच्या भेटीसाठी तीन महिने एकच गाणं घोटून घेऊ नका. मुलांना ते कळतं.

निधीचं शेवटचं वर्ष सुरू झालं की त्याच महिन्यात दोन कामं उरका. वाद्यांची मालकी कुणाकडे राहणार हे लेखी मागून घ्या आणि शिक्षकाला करार कधी संपतोय ते स्पष्ट सांगा. त्याला शेवटच्या आठवड्यात कळलं, तर तो दुसरीकडे काम धरतो, आणि मग नवा निधी मिळूनही वर्ग उभा राहायला पुन्हा वर्ष जातं.