चिखलात थेट भातपेरणी: लोहलेपाची तयारी

चिखलणी केलेल्या शेतात भात थेट पेरला की हलकं बी पाण्यावर तरंगतं, नाहीतर पाखरं टिपतात. चिखलात दबलं तर प्राणवायूवाचून गुदमरतं: कोंब लांबतो, पण मूळ धरत नाही. जपानमध्ये रुळलेला लोखंडाच्या भुकटीचा लेप बियाण्याला वजन आणि कडक कवच देतो, प्राणवायू मात्र देत नाही. त्यामुळे बी चिखलावर टाकायचं की चिखलात पुरायचं, हे आधी ठरवा. पुरायचं असेल तर कॅल्शियम पेरॉक्साइडचा लेप हवा. पाणी लागलं की त्यातून हळूहळू प्राणवायू सुटतो. इथली तयारी वर टाकायच्या बियाण्याची आहे.

10 किलो कोरड्या बियाण्याला 5 किलो लोहभुकटी आणि अर्धा किलो भाजलेलं जिप्सम (म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस) काढून एकत्र मिसळा; शेवटच्या थरासाठी आणखी पाव किलो जिप्सम वेगळं ठेवा. मिठाच्या पाण्यात पोचट दाणे वर येतील, ते काढून उरलेलं बी स्वच्छ धुवा आणि तीनचार दिवस भिजवा. कोंब फुटेपर्यंत थांबू नका, लेप देताना तो दुखावतो. बी फिरत्या पिंपात घालून, पाणी फवारत भुकटी-जिप्समचं मिश्रण थोडं थोडं टाका, शेवटी वेगळं ठेवलेलं जिप्सम. नाकातोंडाला मास्क हवाच. दाण्यांचे गोळे होऊ लागले तर पाणी जास्त झालं, भुकटी कोरडी उडत राहिली तर कमी पडतंय.

सगळ्यात जास्त काळजी यानंतर घ्यायची. भुकटी गंजते तेव्हाच लेप घट्ट बसतो, आणि गंजताना उष्णता निघते. ढीग करून ठेवलेलं बी आतल्या आत तापून मरतं, बाहेरून काही कळतही नाही. म्हणून भुकटी आणण्याआधी सावलीतली, वाऱ्याची जागा आणि पुरेसे ट्रे आहेत का ते पाहा. थर फार तर सेंटीमीटरभर ठेवा. मधूनमधून बोटं खुपसून बघा. गरम लागलं तर लगेच पसरून पातळ करा. वरचेवर पाणी फवारत राहिलं की करडा रंग जाऊन बी विटकरी दिसू लागतं. गंजणं थांबून पुरतं वाळल्याशिवाय पोत्यात भरू नका, पोत्यातही ते पुन्हा तापतं.

लेप दिलेले शंभर आणि बिनलेपाचे शंभर दाणे ओल्या फडक्यात ठेवून उगवण ताडून पाहा. लेपाचे दाणे थोडे उशिरा उगवतात, तेवढी सवड द्या. शेत सपाट करून घ्या, खळग्यात पाणी राहिलं की तिथली रोपं विरळ होतात. पेरल्यावर पाणी काढून टाका आणि मुळं मातीत शिरेपर्यंत नुसता ओलावा ठेवा.