मेक्सिकोतल्या जप्तीचे फोटो आणि आकडे शेअर करताय? मग या चुका टाळा

नोटांच्या ढिगाचा तो फोटो तुम्ही नक्की पाहिलाय. डॉलरची बंडलं एकावर एक रचलेली, आणि खाली कॅप्शन दर वेळी नवीन. कधी मेक्सिकोचा कुप्रसिद्ध ड्रग तस्कर एल चापो याचं घर, कधी अजून कोणत्या ड्रग लॉर्डचा बंगला, आणि रक्कम तर मनाला येईल ती. मी रोज बाहेरच्या बातम्या मराठीत करतो, त्यामुळे हा फोटो मला वर्षातून दोन-तीनदा तरी येतोच आणि प्रत्येक वेळी पाठवणाऱ्याला तेच सांगावं लागतं, म्हणून एकदाचं लिहून टाकतोय.

फोटो 15 मार्च 2007 च्या धाडीचा आहे, जागा मेक्सिको सिटीतली लोमास दे चापुल्तेपेक ही श्रीमंत वस्ती. बंगला झेनली ये गोन या औषधांच्या कच्च्या मालाच्या व्यापाऱ्याचा, एल चापोचा काही संबंध नाही. भिंतीत, कपाटात, सुटकेसमध्ये लपवलेली रोकड निघाली आणि मोजली तेव्हा 20 कोटी 50 लाख डॉलरच्या वर भरली. आरोप असा होता की मेथ हे ड्रग बनवायला लागणारा कच्चा माल हा माणूस आणत होता, त्याने तो नाकारला, पैसे एका राजकीय पक्षाचे आहेत असं म्हणाला, पक्षाने ते फेटाळलं. अमेरिकेत त्याच्यावर चाललेली केस 2009 मध्ये रद्द झाली आणि 2016 मध्ये अमेरिकेने त्याला मेक्सिकोच्या ताब्यात दिलं. एवढं सगळं असताना 'ड्रग लॉर्ड' असं सरळ ठोकून देणं चूकच. पैसे जप्त होणं वेगळं, गुन्हा शाबीत होणं वेगळं.

आता आकड्याकडे या, कारण आपल्याकडे खरी गडबड इथेच होते. इंग्रजीत 205 मिलियन लिहिलेलं असतं, मिलियन म्हणजे दहा लाख, पण घाईत त्याचं '205 कोटी' होतं आणि रक्कम एकदम दहापट वाढते. पुढचा माणूस रुपयात बदलताना आजचा रेट लावतो, 2007 मध्ये डॉलर 44 रुपयांच्या आसपास होता, म्हणजे ही रक्कम तेव्हाचे साधारण 900 कोटी रुपये. ज्या वर्षाची बातमी त्या वर्षाचा रेट धरायचा, आणि तसं लिहायचंही.

कोणी 'अब्जावधी' म्हणालं तर वजन करून बघा, खरंच. डॉलरची कुठलीही नोट साधारण 1 ग्रॅमची असते. 20.5 कोटी डॉलर सगळे शंभराच्या नोटांत धरले तर साडेवीस लाख नोटा, म्हणजे दोन टनांच्या थोडं वर, एवढा माल बंगल्यात मावतो. पण 20 अब्ज डॉलर म्हटलं की झाले 200 टन, त्याला ट्रकची रांग लागेल, एका खोलीच्या फोटोत ते दिसणारच नाही.

बंदुकांचं तर विचारूच नका. ती कुठलीही असो, बातमीत एके-47 होते. मेक्सिकोत एके-47 ला 'बोकडाचं शिंग' म्हणतात, मॅगझीन वाकडं असतं म्हणून, आणि ते शब्दशः भाषांतर करून ठेवलं की वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. दुसरं म्हणजे एआर-15 या अमेरिकी रायफलला मशीनगन लिहिणं. फोटो क्लिअर असेल तर ग्रिपच्या वरचा छोटा खटका झूम करून बघा: दुकानात मिळणाऱ्या नेहमीच्या सिव्हिलियन रायफलला दोनच खुणा असतात, सेफ आणि फायर, लष्करी रायफलला तिसरीही असते, ऑटोची (चाप दाबून ठेवला की गोळ्या सुटत राहतात) किंवा बर्स्टची (एका दाबात मोजक्या गोळ्या). खटका दिसत नसेल तर नुसतं 'रायफल' लिहा, काही बिघडत नाही. आणि .50 कॅलिबर म्हणजे 50 मिलिमीटर नव्हे! अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर. तो टिंब गाळला की रायफलची तोफ होते.

मेक्सिकोतल्या रेनोसा शहरातली 7 नोव्हेंबर 2008 ची जप्ती घ्या. 540 रायफली, त्यातल्या 288 असॉल्ट (लष्करी धर्तीच्या) रायफली, 287 हँडग्रेनेड, पाच लाखांवर काडतुसं. '540 असॉल्ट रायफली' असं लिहिलं की जवळजवळ दुप्पट झाल्या, आणि 'एवढं सगळं अमेरिकेतल्या गन शॉपमधून आलं' हेही चूक कारण ग्रेनेड तिथे काउंटरवर मिळत नाहीत, मध्य अमेरिकेतल्या जुन्या लष्करी साठ्यांतून ते बऱ्याचदा येतात.

आता ज्या चुकीचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो ती. 'मेक्सिकोतल्या 90 टक्के बंदुका अमेरिकेच्या.' मूळ आकडा 87 टक्के, 2009 च्या अमेरिकी सरकारी ऑडिट रिपोर्टमधला. पण तो कशाचा आहे ते बघा. 2008 मध्ये मेक्सिकोने साधारण 30,000 बंदुका जप्त केल्या, त्यातल्या 7,200 ची माहिती ट्रेसिंगसाठी, म्हणजे कुठून आल्या ते शोधायला, एटीएफ या बंदुकांवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी खात्याकडे गेली, माग लागला सुमारे 4,000 चा, आणि त्या 4,000 पैकी 87 टक्के, म्हणजे 3,480, अमेरिकेतून आलेल्या. मग बंदूक लॉबीवाल्यांनी उलटं टोक धरलं, 3,480 ला 30,000 ने भागलं आणि म्हणाले फक्त 12 टक्के! हेही तितकंच खोटं, कारण ज्यांचा माग लागला नाही किंवा पाठवल्याच नाहीत त्या अमेरिकेच्या नव्हत्याच असं कोणी सिद्ध केलेलं नाही. पुढे 2009 आणि 2010 मध्ये ट्रेसिंगला गेलेल्या 29,284 बंदुकांपैकी 20,504 अमेरिकेतून आल्याचं एटीएफनेच सांगितलं, म्हणजे 70 टक्के, पण तेही 'ट्रेसिंगला गेलेल्यांपैकी'. हे दोन शब्द कापू नका, हेडलाइन लांबली तरी चालेल. तिकडे रोज माणसं मरतायत आणि बंदुका येतात कुठून हा त्यांच्या जिवाचा प्रश्न आहे.

तर फॉरवर्ड आला की आधी फोटो रिव्हर्स सर्चला टाका (फोटो टाकून तो आधी कुठे आलाय ते शोधता येतं), सगळ्यात जुनी तारीख कुठली निघते ते बघा. 2007 निघाली आणि बंगला लोमासमधला असेल, तर कॅप्शन काहीही असू दे, तो हाच ढीग आहे.