कॉम्प्युटर स्वतः जोडायचा की तयार घ्यायचा?

टायपिंग, टॅली, इंटरनेट आणि मुलांचा अभ्यास एवढ्यासाठीच डेस्कटॉप हवा असेल, तर सरळ ब्रँडेड घ्या. विंडोज बहुधा आत असते, वॉरंटी एकाच कंपनीची असते, ऑनसाइट सेवा घेतलेली असेल तर माणूस घरी येतो. एवढ्या कामाच्या मशीनला सुटे भाग आणून फारसे वाचत नाही. ग्राफिक्स कार्ड लागणार असेल (गेमिंग, व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी), तर मात्र स्वतःच जोडा.

तयार गेमिंग मशीनच्या जाहिरातीत प्रोसेसर आणि कार्ड ठळक अक्षरांत असतात. काटकसर होते ती न लिहिलेल्या भागांत: एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा), मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात ते मुख्य सर्किट) आणि रॅम. ८-८ जीबीच्या दोन पट्ट्यांऐवजी पुष्कळदा १६ जीबीची एकच लावलेली असते, म्हणजे ड्युअल चॅनेल (दोन पट्ट्या एकत्र चालून मिळणारा जादा वेग) गेले. काही ब्रँडेड मशीनमध्ये एसएमपीएस आणि बोर्ड नेहमीच्या एटीएक्स या प्रमाणित मापाचे नसतात. पुढे एसएमपीएस जळाला तर बाजारातला दुसरा त्यात बसत नाही. तयार मशीन घेतानाही या तिन्ही भागांचे मॉडेल नंबर दुकानदाराकडून लिहून घ्या.

भाग ठरवताना

प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम एकमेकांना धरून ठरतात. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची जागा) फक्त डीडीआर५ ही नव्या पिढीची रॅम चालते. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचे काही बोर्ड आधीच्या पिढीच्या डीडीआर४चे, काही डीडीआर५चे. एकाची पट्टी दुसऱ्यात जातच नाही. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसते, त्यामुळे कार्डाशिवाय पडद्यावर काही येणार नाही. प्रोसेसर बोर्डापेक्षा नंतर बाजारात आलेला असेल, तर बोर्डाचे बायॉस (मशीन सुरू करणारे बोर्डातले सॉफ्टवेअर) दुकानातच अपडेट करून मागा.

एसएमपीएसवर हात आखडू नका. कार्डाच्या कंपनीने सांगितलेल्या वॅटचा, निदान ‘८० प्लस ब्रॉन्झ’ हे वीजबचतीचे प्रमाणपत्र असलेला आणि नावाजलेल्या कंपनीचा घ्या. कॅबिनेटसोबत फुकट आलेला वापरू नका. मॉड्युलर (वायरी काढता-घालता येणारा) असेल तर त्याच्याच वायरी लावा: दुसऱ्या एसएमपीएसची वायर खाचेत नीट बसते, पण आतली जोडणी वेगळी असू शकते आणि एका क्षणात एसएसडी जळते.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारात सगळे एका फेरीत मिळते. शक्यतो एकाच दुकानातून घ्या आणि जीएसटी बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्या.

जोडणी

पहिल्यांदा जोडताना दोन-तीन तास हाताशी ठेवा. लागतो तो चुंबकी टोकाचा फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर. अंगातल्या स्थिर विजेने भाग बिघडू शकतात, म्हणून गालिच्यावर बसू नका आणि अधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावत जा. विदर्भातल्या कोरड्या हिवाळ्यात हे विसरू नका.

बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. सॉकेटची दांडी उघडा, प्रोसेसरवरचा छोटा त्रिकोण सॉकेटच्या खुणेशी जुळवा आणि प्रोसेसर नुसता ठेवा. दाबायचा नाही. सॉकेटमधली पिन एकदा वाकली की वॉरंटी मिळत नाही. दांडी लावताना थोडा जोर लागतो, तो ठीक आहे. प्लॅस्टिकचे झाकण आपोआप उडते.

चार स्लॉट असतील तर रॅमच्या दोन पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबा. एम.२ एसएसडी (डेटा साठवणारी, थेट बोर्डावर बसणारी छोटी पट्टी) तिरकी सरकवून स्क्रूने आडवी करा. प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरच्या बुडाला उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावलेली नसेल तर प्रोसेसरच्या मधोमध वाटाण्याएवढी घ्या. बुडावरची पारदर्शक फिल्म काढा. ती राहिली की मशीन काही मिनिटांत तापून मंदावते. मग कूलर ठेवून त्याचे स्क्रू कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात, थोडे थोडे आवळा.

आता, कॅबिनेटमध्ये घालण्याआधीच चालवून बघा. एसएमपीएसची २४ पिनची वायर आणि प्रोसेसरची ८ पिनची वायर बोर्डाला लावा, कूलरचा पंखा ‘सीपीयू फॅन’वर जोडा, बोर्डावरच्या ‘पॉवर स्विच’च्या दोन पिनांना स्क्रू-ड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवा. डीडीआर५ असेल तर पहिल्या वेळी पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो. बोर्ड तेव्हा रॅमचे वेग जुळवत असतो. घाबरून बंद करू नका. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर या चाचणीला कार्डही लावावे लागते.

चालले की कॅबिनेट. बोर्डाच्या मागच्या जोडण्यांभोवती बसणारी पत्र्याची पट्टी सुटी असेल तर आधी ती बसवा. बोर्ड ज्यांवर टेकतो ते कॅबिनेटमधले पितळी पाये बोर्डाच्या भोकांइतकेच आणि त्यांच्याच खाली हवेत. एखादा जास्तीचा राहिला तर बोर्डाखाली शॉर्ट होतो. कार्ड सर्वांत वरच्या लांब स्लॉटमध्ये बसवा आणि मॉनिटरची वायर बोर्डाला नव्हे, कार्डाला लावा. नवे कार्ड ‘चालत नाही’ म्हणून परत नेले जाते, त्यात कितीदा तरी एवढेच असते.

विंडोज टाकण्यापूर्वी बायॉसमध्ये एक्सपो किंवा एक्सएमपी (रॅम तिच्या लिहिलेल्या वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा. ते न केल्यास ६००० म्हणून घेतलेली रॅम ४८०० वरच चालत राहते.

अर्थिंग

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर आधी भिंतीतला सॉकेट तपासा. एसएमपीएसमधला फिल्टर थोडा करंट बाहेरच्या पत्र्यात सोडतो आणि अर्थची वायर तो वाहून नेते. जुन्या चाळीत किंवा वाड्यात ती वायर पुष्कळदा जोडलेलीच नसते. वायरमनला बोलवा, दोन पिनांचा अडॅप्टर लावून भागवू नका.

रिकामी खोकी वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा, आणि प्रोसेसरच्या सॉकेटवरून उडालेले ते झाकणही. बोर्ड दुरुस्तीला द्यायची वेळ आली तर पिना झाकायला तेच लागते, आणि त्याविना सर्व्हिस सेंटर बोर्ड घ्यायला नकार देऊ शकते.