ग्रामपंचायतीच्या मतदानाचं चित्र काढायचंय? आधी बिंगहॅम बघा

गावात ग्रामपंचायत लागली की चित्र काढायला लई भारी मसाला असतो, पण बरेच जण थेट गर्दीच काढायला बसतात अन् मग सगळी टाळकी एकसारखी दिसतात. त्याआधी जॉर्ज केलेब बिंगहॅमचं 'द काउंटी इलेक्शन' (1852) मोबाईलवर झूम करून बघा. हा अमेरिकेतल्या मिझुरीचा चित्रकार, 1811 चा जन्म, अन् गडी स्वतः इलेक्शन लढलेला. 1846 ला फक्त 3 मतांनी निवडून आला, समोरच्यानं तक्रार केली अन् सीट गेली, मग 1848 ला त्याच माणसाला पाडलं. म्हणून त्याच्या चित्रात पिलेला मतदार ओढत आणलेलाय, डोक्याला पट्टी बांधलेला एक जण बाकावर बसलाय, उमेदवार टोपी काढून नमस्कार घालतोय, अन् पोरं खाली मातीत खेळायलेत. तेव्हा तिथं मत मोठ्यानं सांगायचं असायचं, त्यामुळं सगळा तमाशा पायऱ्यांवरच.

आपल्याकडं मतदान गुप्त, म्हणून केंद्रात डोकावूच नका. शाळेच्या गेटापासून लांब, पॅनलवाले चिठ्ठ्या काढून देतात त्या टेबलाजवळ किंवा चहाच्या हॉटेलात बसा. एका कागदावर एकच माणूस काढा: गाडीवरून उतरणारी आजी, यादीत नाव हुडकणारा पोरगा, कोपऱ्यात हळू आवाजात बोलणारा पुढारी. बिंगहॅम असंच करायचा, एकेक माणूस आधी पेन्सिलनं अन् वरून ब्रशनं शाईची छटा देऊन, अन् तीच माणसं मग मोठ्या चित्रात बसवायचा. चेहऱ्याच्या आधी उभं राहण्याची ढब पकडा, धोतराचा सोगा कुठं धरलाय, वजन कोणत्या पायावर आहे ते.

घरी आल्यावर माणसं कापून मोठ्या कागदावर सरकवत बघा. त्याचं 'द जॉली फ्लॅटबोटमेन' (1846) समोर ठेवा, 8 माणसं, नाचणारा मधी सगळ्यात वर, बाकीचे खाली, सरळ त्रिकोण झालाय. तुमच्या त्रिकोणाच्या टोकाला उमेदवारच पाहिजे असं काही नाही, मी तर आजीलाच बसवीन. मागची झाडं अन् शाळा फिकट ठेवा, गडद रंग पुढच्या दोन-तीन माणसांनाच द्या.

अन् पिलेला माणूस काढणार असाल तर नाक, मिशी बदला, नाहीतर चित्र भिंतीला लागायच्या आधी त्याचा भाऊ दारात येईल.